दुसरा पायलट काय करत असतो?

१४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान दुपारी एकच्या सुमारास बंगळूरच्या जुन्या, म्हणजे एचएएलच्या विमानतळावर उतरायला आलं होतं. विमान एअरबस ए-३२०, कोरं करकरीत, ताफ्यात येऊन जेमतेम दोन महिने झालेलं. आकाश मोकळं, धावपट्टी समोर दिसतेय, दोन्ही इंजिनं ठणठणीत. विमान चालवत होते ते कॅप्टनपदासाठी तपासणी चाललेले वैमानिक आणि शेजारी बसले होते तपासणी करणारे ज्येष्ठ कॅप्टन. हे विमान धावपट्टीच्या सुमारे सातशे मीटर अलीकडे, गोल्फच्या मैदानावर आदळलं. आत १४६ माणसं होती, त्यांतली ९२ दगावली.

नेमकं काय झालं हे कळायला आधी थोडं यंत्र समजून घ्यावं लागेल. ए-३२०मध्ये इंजिनाचा जोर कमीजास्त करायचं काम 'ऑटोथ्रस्ट' नावाची यंत्रणा करते. वैमानिक तिला ज्या मोडवर ठेवेल तशी ती वागते. 'स्पीड' मोडवर असेल तर ठरवून दिलेला वेग सांभाळते, वेग घसरला की आपणहून जोर वाढवते. 'ओपन डिसेंट' मोडवर असेल तर मात्र इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान जोरावर, नेऊन ठेवते आणि गप्प बसते. मग वेग सांभाळायचा तो विमानाचं नाक खाली-वर करून. अशा वेळी वैमानिक धावपट्टीकडे बघत नाक वर धरून ठेवायला लागला, की वेगाला वाली कोणीच उरत नाही.

चौकशीतला अंदाज असा की मिनिटाला सातशे फूट या गतीने खाली यायचं होतं, पण त्यासाठीचा नॉब फिरवायच्या ऐवजी उंची ठरवायचा नॉब फिरवला गेला आणि त्यातून इंजिनं आयडलवर गेली. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही असंही नाही. विमान आयडल ओपन डिसेंटमध्ये उतरतंय, हा विषय कॉकपिटमध्ये बोलण्यात आला होता. त्यातून बाहेर पडायचा एक मार्ग म्हणजे दोघांच्या पडद्यांवरचे 'फ्लाइट डायरेक्टर', म्हणजे विमानाचं नाक कुठे धरायचं ते दाखवणाऱ्या खुणा, बंद करणं. दोन्ही बंद झाले तरच ऑटोथ्रस्ट पुन्हा वेग सांभाळायला लागतो. एक बंद झाला, दुसरा चालूच राहिला. कोणाचा बंद केला, कोणाचा राहिला, यावर बोलणं चालू असताना वेगाचा आकडा घसरतच होता. उतरण्यासाठी ठरवलेल्या वेगापेक्षा तो सुमारे २५ नॉट खाली गेला. जोर द्यायचं सुचलं तेव्हा वेळ निघून गेली होती, कारण जेट इंजिन आयडलवरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद घेतं आणि तेवढी उंचीच उरली नव्हती.

वेगाचा तो आकडा दोघांच्याही डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर होता.

आता २३ वर्षं पुढे या. ६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को. एशियाना एअरलाइन्सचं सोलहून आलेलं बोइंग ७७७. पुन्हा मोकळं आकाश, पुन्हा धावपट्टी समोर, पुन्हा एक जण नव्या विमानावर शिकतोय आणि शेजारी प्रशिक्षक कॅप्टन. इथेही इंजिनाचा जोर सांभाळणारी यंत्रणा अशा मोडमध्ये गेली होती की ती वेगाकडे बघत नव्हती, आणि वैमानिकाला वाटत होतं की ती बघतेय. हवा होता १३७ नॉट वेग, तो उतरत उतरत १०३ नॉटवर आला. विमानाची शेपटी धावपट्टीच्या तोंडाशी असलेल्या समुद्राच्या बंधाऱ्यावर आपटली. ३०७ पैकी तीन जण गेले, आणि विमानाचं काय झालं ते बघितल्यावर तिघांवरच निभावलं हे नशीबच म्हणायचं. त्याआधी, २५ फेब्रुवारी २००९ला, ॲमस्टरडॅमजवळ टर्किश एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ची जवळजवळ हीच गत झाली. उंची मोजणारं एक उपकरण चुकीचा आकडा देत होतं, त्यामुळे यंत्रणेला वाटलं विमान जमिनीला टेकतंय, म्हणून तिने जोर काढून घेतला. तिथेही फर्स्ट ऑफिसर शिकाऊ, कॅप्टन प्रशिक्षक, शिवाय खास लक्ष ठेवायला म्हणून मागे तिसरा वैमानिक. नऊ जण गेले, त्यात हे तिघेही.

तिन्ही वेळा शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस तरबेज होता, आणि तिन्ही वेळा तो शिकवत किंवा पारखत होता. हे मला योगायोग वाटत नाही. त्याकडे पुढे येऊ. आधी त्या शेजारच्या खुर्चीचं काम काय असतं ते पाहू.

प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात: कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर. ही झाली पदं. प्रत्येक उड्डाणासाठी त्यांच्यात कामाची वेगळी वाटणी होते. एक जण 'पायलट फ्लाइंग', म्हणजे विमान नेणारा. दुसरा 'पायलट मॉनिटरिंग', म्हणजे लक्ष ठेवणारा. मुंबई-दिल्ली कॅप्टनने नेलं तर दिल्ली-मुंबई बहुधा फर्स्ट ऑफिसर नेतो. दुसरा तोवर रेडिओवर बोलतो, सांगितल्यावर चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) खाली-वर करतो, चेकलिस्ट वाचतो, संगणकात बदललेला मार्ग भरतो. आणि हे सगळं करताना विमान ठरल्या वाटेने, ठरल्या उंचीवर, ठरल्या वेगाने चाललंय ना, हे बघत राहतो. वाक्यात हे शेवटी आलं तसं प्रत्यक्षातही ते वर्षानुवर्षं शेवटीच येत होतं. या दुसऱ्या माणसाला पूर्वी 'पायलट नॉट फ्लाइंग' म्हणत. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएएने २००३च्या सुमारास ते नाव बदलायला सुचवलं.

नाव बदलायची वेळ का आली, याचं एक जुनं आणि वैमानिकांना तोंडपाठ असलेलं उदाहरण २९ डिसेंबर १९७२चं. ईस्टर्न एअरलाइन्सचं लॉकहीड ट्रायस्टार मायामीला उतरत होतं. पुढचं चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागेना. दोन हजार फुटांवर ऑटोपायलट लावून सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. कॉकपिटमध्ये चार जण होते. कोणाचा तरी धक्का लागून ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं सोडलं आणि विमान अगदी हळूहळू, कोणाच्या अंगाला जाणवणार नाही इतक्या संथपणे, खाली यायला लागलं. उंची सुटल्याची सूचना देणारा सूर एकदा वाजला, कोणी दखल घेतली नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पडलं आणि शंभरावर माणसं गेली. चाक खालीच होतं. दिव्याचा बल्ब गेला होता.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, १९९४मध्ये १९७८ ते १९९० या काळातल्या ३७ मोठ्या अपघातांचा एकत्र अभ्यास केला. त्यातल्या ३१ अपघातांत लक्ष ठेवण्यात किंवा चूक बोलून दाखवण्यात कमतरता आढळली. आणखी एक गोष्ट: यांतल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त अपघातांत विमान कॅप्टनच्या हातात होतं, म्हणजे लक्ष ठेवायचं काम कनिष्ठाकडे होतं. ही गोष्ट लक्षात असू द्या.

माणसाला बघत बसायला सांगितलं की तो नीट बघत नाही, हे मानसशास्त्रात जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्या ब्रिटिश सैनिकांकडून पडद्यावरचे ठिपके का सुटतात, या प्रश्नावर नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक कंटाळवाणं घड्याळ तयार केलं. काटा सेकंदाला एक टप्पा पुढे जाई आणि अधूनमधून एकदम दोन टप्पे उडी मारे. ती उडी दिसली की बटण दाबायचं, बाकी काही नाही. पहिला अर्धा तास होतो न होतो तोच उड्या सुटायला लागल्या. १९४८मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग. त्यात भाग घेणारी माणसं आळशी नव्हती. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट बघत राहणं मेंदूला जमतच नाही, इतकंच.

कॉकपिटमध्ये अडचण याहून वाईट आहे, कारण यंत्रं फार चांगली झालीत. ऑटोपायलट वर्षानुवर्षं बरोबर चालतो. रोज तोच आकडा रोज त्याच जागी बरोबर दिसला की काही काळाने डोळा तिथे जातो, पण मेंदू तो आकडा वाचत नाही. तिथे काय असणार ते त्याला आधीच 'माहीत' असतं. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस वैमानिकांना बोइंग ७४७-४००च्या सिम्युलेटरमध्ये बसवून त्यांची नजर कुठे-कुठे जाते ते कॅमेऱ्याने टिपलं होतं. वेग, उंची, दिशा यांवर नजर बऱ्यापैकी फिरत होती. पडद्याच्या माथ्यावर एक अरुंद पट्टी असते, यंत्रणा आत्ता कुठल्या मोडवर आहे हे सांगणारी. तिला एफएमए म्हणतात. तिच्याकडे मात्र बघायला हवं तेव्हा बघितलं जात नव्हतं, आणि मोड आपोआप बदलला तर तो अनेकदा निसटत होता. बंगळूर, ॲमस्टरडॅम आणि सॅन फ्रान्सिस्को इथे जे कळायला हवं होतं ते याच पट्टीवर लिहिलेलं होतं.

नासासाठी आर. की डिस्म्यूकस आणि बेन बर्मन या संशोधकांनी कॉकपिटच्या मागच्या खुर्चीवर बसून साठ उड्डाणं पाहिली आणि प्रत्येक बारीकसारीक चुकीची नोंद केली. २०१०च्या त्यांच्या अहवालात अशा ८९९ नोंदी आहेत, त्यांतल्या ३९१ मॉनिटरिंगमधल्या. बाहेरचा माणूस मागे बसून टिपणं काढतोय हे माहीत असतानाची ही गोष्ट, आणि ही सगळी उड्डाणं सुखरूप पार पडलेली. म्हणजे चुकीची किंमत बहुतेक वेळा मोजावी लागत नाही. त्यामुळे ती चूक होती हेही कळत नाही आणि सवय सुधारायचं कारण उरत नाही.

मग हे शिकवायचं कसं? 'अधिक लक्ष द्या' असं परिपत्रक काढून काही होत नाही. (तरी ती निघतात.) रॉबर्ट समवॉल्ट हे विमान कंपनीतले वैमानिक, पुढे एनटीएसबीचे अध्यक्ष झाले. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २००२मध्ये हाच मुद्दा लावून धरला होता, की मॉनिटरिंग हा स्वभावाचा भाग समजू नका, लँडिंग शिकवता तसं हे कौशल्य म्हणून शिकवा. अमेरिकेत २०१३च्या नियमाने ते कंपन्यांना बंधनकारक केलं आणि तयारीला २०१९च्या मार्चपर्यंत मुदत दिली. त्यानंतर जे शिकवलं जाऊ लागलं त्याचे ढोबळमानाने दोन भाग आहेत. एक डोळ्यांचा, दुसरा तोंडाचा. डोळ्यांचा भाग त्यातल्या त्यात सोपा.

त्यातली पहिली युक्ती म्हणजे बघणाऱ्याला बघण्याचं कारण देणं. नुसतं 'वेग किती आहे' असं न बघता 'आता वेग किती व्हायला हवा' हे आधी मनात ठरवायचं आणि मग बघायचं. आता फ्लॅप खाली आले म्हणजे वेग कमी होणार, एवढ्या आकड्यावर थांबणार, तिथे इंजिनाचा जोर वाढलेला दिसणार. तिथे जोर वाढला नाही तर खटकतं. अंदाज न बांधता बघणाऱ्याला यातलं काहीच खटकत नाही, कारण त्याच्याजवळ ताडून बघायला काही नसतं. सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक मधूनच विचारतो, पुढच्या दोन मिनिटांत काय होणार आहे सांग. शिकणाऱ्याला सांगता आलं नाही तर तो विमानाच्या मागे पडलाय. कॉकपिटमध्ये हीच भाषा आहे: विमानाच्या पुढे आहेस की मागे.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्याने म्हणणं. एफएमएवरचा मोड बदलला की तो वाचून बोलायचा. ठरलेली उंची गाठायला हजार फूट उरले की 'वन थाउजंड टू गो' म्हणायचं. संगणकात नवी उंची भरली की एकाने ती बोटाने दाखवायची आणि दुसऱ्याने बघून दुजोरा द्यायचा. ऐकायला हे पोरकट वाटतं. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट सिग्नल दिसला की हात दाखवून तो एकमेकांना ओरडून सांगतात, तेही असंच वाटेल. पण तोंडाने म्हणायचं तर आधी खरंच वाचावं लागतं, आणि दुसऱ्याने चुकीचं म्हटलं तर ते कानावर पडतं. अडचण एकच. रोज म्हणून म्हणून तेही मंत्रासारखं होतं. डोळा पट्टीवर न जाताच तोंड 'स्पीड, ग्लाइडस्लोप' म्हणून मोकळं होतं. म्हणून काही प्रशिक्षक सिम्युलेटरमध्ये विमान नेणाऱ्याला गुपचूप सांगून ठेवतात: एखादा मोड चुकीचा लाव, किंवा उंचीवर थांबू नकोस, आणि शेजारचा किती सेकंदांत बोलतो ते बघू. शेजारच्याला हे ठाऊक नसतं. एकदा असा पकडला गेलेला माणूस पुढचे काही महिने पट्टी नीट वाचतो.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि मला ती सगळ्यात शहाणी वाटते. सतत सारखंच लक्ष ठेवणं माणसाला शक्य नाही हे मान्य करून टाकायचं. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने नोव्हेंबर २०१४मध्ये या विषयावर एक मार्गदर्शिका काढली. त्यात उड्डाणाचे भाग पाडलेत: कुठे चूक झाली तर सावरायला वेळ असतो आणि कुठे नसतो. पस्तीस हजार फुटांवर सरळ चाललेलं विमान म्हणजे कमी धोक्याचा पट्टा. जेवा, कागद भरा, पुढच्या विमानतळाची तयारी करा. ठरलेल्या उंचीच्या शेवटच्या हजार फुटांत, जमिनीजवळ, वळणावर, किंवा जमिनीवरच दुसरी धावपट्टी ओलांडताना मात्र दुसरं काम हातात घ्यायचं नाही. म्हणजे उतरणीच्या आधीच संगणकात सगळं भरून ठेवायचं, टॅक्सी करता करता, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, नकाशा शोधत बसायचं नाही. कंट्रोलरने नको तेव्हा धावपट्टी बदलायला सांगितली तर 'थोडं थांबा' म्हणायचं किंवा सरळ नाही म्हणायचं. ए-३२०च्या संगणकात नवी धावपट्टी भरताना डोकं खाली जातं, आणि दोघांचीही डोकी एकाच वेळी खाली असणं हा यातला मोठा गुन्हा.

आता दुसरा भाग, तोंडाचा: चूक दिसल्यावर ती सांगण्याचा. इथे आपल्याकडची दोन उदाहरणं घ्यावीच लागतात.

२२ मे २०१०ला दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशी समितीचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टन बराच वेळ, दीड तासाहून जास्त, झोपलेले होते असं निघालं. जाग आली तेव्हा विमान हवं त्याहून खूप उंचावर होतं. ते तीव्र उताराने खाली आणलं गेलं, यंत्र धोक्याच्या सूचना देत राहिलं. फर्स्ट ऑफिसरला सगळं दिसत होतं. त्याने 'गो-अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं तीन वेळा सांगितलं. विमान ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट ओलांडल्यावर टेकलं. अहवालात एक वाक्य आहे ते महत्त्वाचं: को-पायलटने स्वतः गो-अराउंड करावं की नाही याबद्दलच्या वेगवेगळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, बहुधा त्यामुळे त्याने सांगितलं, पण ताबा घेतला नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२०ला, त्याच कंपनीचं, त्याच जातीचं विमान, पुन्हा दुबईहून, कोझिकोडला आलं. पाऊस, पाठीमागून वारा, पुन्हा टेकडीवरची धावपट्टी. विमान ८,८५८ फुटांपैकी सुमारे ४,४३८ फूट संपल्यावर टेकलं आणि पुढे दरीत जाऊन तुटलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. अपघाताचं संभाव्य कारण सांगताना अहवालाने तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्यात: विमान नेणाऱ्याने नियम सोडून उतरणं चालू ठेवलं, लक्ष ठेवणाऱ्याने 'गो-अराउंड' म्हटलं तरी ते झालं नाही, आणि लक्ष ठेवणाऱ्याने ताबा घेतला नाही.

म्हणजे दोन्ही वेळा मॉनिटरिंग अर्ध्यापर्यंत अगदी चोख झालं होतं. दिसलं, कळलं, बोलूनही झालं. गाडं अडलं ते त्यापुढे.

आपल्याकडे ज्येष्ठाला त्याची चूक सांगायची रीत आपण सगळेच जाणतो. 'सर, जरा वेग बघता का', 'सर, थोडं उंच वाटतंय का'. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे चूक आपली निघाली तर माघार घ्यायला जागा. ऑफिसात हे खपून जातं. तीनशे फुटांवर खपत नाही. हा फक्त भारताचा रोग नव्हे. अमेरिकेतल्या त्या ३७ अपघातांतही हेच आहे. पण कॅप्टन हवाई दलातून आलेला, फर्स्ट ऑफिसर वयाने निम्मा, आणि खाली उतरल्यावर त्याचा अहवाल याच कॅप्टनच्या हाती, असं असेल तर जीभ रेटत नाही हे कोणालाही कळेल.

प्रशिक्षणाने यावर काढलेला तोडगा बराचसा भाषेचा आहे. मत मागायचंच नाही, ठरलेला शब्द म्हणायचा. वेग ठरल्या मर्यादेखाली गेला तर 'स्पीड'. खाली येण्याची गती मिनिटाला हजार फुटांच्या वर गेली तर 'सिंक रेट'. विमान एका बाजूला जास्त कललं तर 'बँक'. हे शब्द कंपनीच्या पुस्तकात छापलेले असतात, त्यामुळे ते म्हणणारा उद्धट ठरत नाही. म्हटलं नाही तर तो चुकतो. कॅप्टननेही काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं: ऐकलं, दुरुस्त करतोय. उत्तर आलं नाही तर पुन्हा म्हणायचं. दुसऱ्यांदाही उत्तर नाही, तर समोरचा माणूस शुद्धीवर नाही असं धरून चालायचं आणि 'आय हॅव कंट्रोल' म्हणून विमान हातात घ्यायचं. 'शुद्धीवर नाही असं धरा' ही फार हुशारीची तरतूद आहे. कनिष्ठाला बंड करावं लागत नाही, तो आजारी माणसाच्या हातातून काम काढून घेत असतो.

तशीच दुसरी तरतूद म्हणजे ठरलेल्या उंचीवरची फाटकं. जमिनीपासून हजार फुटांवर, हवा स्वच्छ असेल तर काही कंपन्यांत पाचशे फुटांवर, विमान 'स्टॅबिलाइज्ड' असलंच पाहिजे: चाकं खाली, फ्लॅप ठरल्याप्रमाणे, वेग ठरल्या मर्यादेत, इंजिनं आयडलवर नाहीत. यातली एक जरी गोष्ट नसेल तरी गो-अराउंड, चर्चा नाही. बंगळूरचं विमान या फाटकातून पुढे गेलंच नसतं, कारण त्याची इंजिनं आयडलवर होती.

पण कागदावरचा नियम हातापर्यंत पोचायला सराव लागतो, आणि इथे मला आपल्याकडची तयारी तोकडी वाटते. कनिष्ठाने ज्येष्ठाच्या हातून विमान घेणं हे वर्गात पीपीटी दाखवून येत नाही. सिम्युलेटरमध्ये कॅप्टनला ढिम्म बसायला सांगून फर्स्ट ऑफिसरकडून ते करवून घ्यावं लागतं, एकदा नव्हे, दरवर्षी. आणि कॅप्टनांनाही समोरच्याने टोकल्यावर चेहरा न बदलता 'बरं केलंस' म्हणायचं शिकवावं लागतं. यात सगळ्यात जास्त फरक कॅप्टन पहिल्या दहा मिनिटांत काय बोलतो त्याने पडतो, असं प्रशिक्षक सांगतात. उड्डाणाआधीच तो म्हणाला, 'आज माझी रात्रीची दुसरी ड्युटी आहे, वेग घसरलेला दिसला तर लगेच ओरड', की फर्स्ट ऑफिसरचं निम्मं ओझं तिथेच उतरतं.

याहून मुळापाशी जाणारा उपाय ब्रिटिश एअरवेजने फार वर्षं वापरला. खराब हवेत विमान खाली आणायचं ते फर्स्ट ऑफिसरने. कॅप्टन शेजारी बसून फक्त बघणार, आणि धावपट्टी दिसली तर शेवटी स्वतः उतरवणार. तर्क सरळ आहे. ज्येष्ठाला कनिष्ठाची चूक सांगायला काहीच जड जात नाही, मग अवघड वेळी लक्ष ठेवायचं काम ज्येष्ठाकडेच द्या. जगभर ही पद्धत रुजली नाही. अवघड लँडिंग आपणच करायचं, ही कॅप्टनांची मनोवृत्ती त्याच्या आड येते, आणि ऐन शेवटी हात बदलण्यातही धोका आहेच. तरी ऐंशी टक्के अपघातांत विमान कॅप्टनच्या हाती होतं, या आकड्यापुढे मला हा विचार पटतो.

अर्थात शेजारी ज्येष्ठ असला म्हणजे झालं असं नाही, हे बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्कोने दाखवलंय. प्रशिक्षकाच्या डोक्यात एकाच वेळी दोन कामं असतात. विमान कसं चाललंय हे बघायचं आणि हा माणूस कसं चालवतोय हेही बघायचं. दुसरं काम जास्त रंजक असतं. शिवाय शिकणाऱ्याला चुकू द्यावं, त्याचं त्याला उमगू द्यावं, ही चांगल्या शिक्षकाची वृत्ती. ती दोन सेकंद जास्त थांबायला लावते. म्हणून प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणात आता थांबायची रेषा आधी आखून घ्यायला सांगतात: या आकड्याखाली वेग गेला की शिकवणं बंद, विमान माझ्या हातात.

आणि झोपेवर कुठलंच प्रशिक्षण चालत नाही. मंगळूरच्या विमानात मॉनिटरिंगची घडी विसकटायला सुरुवात झाली ती तिथूनच. भारताची विमान वाहतूक नियामक संस्था डीजीसीएने जानेवारी २०२४मध्ये वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम काढले. त्यांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. कंपन्यांनी खळखळ केली, अंमलबजावणी लांबत गेली. मॉनिटरिंगच्या चर्चेत हा विषय फारसा येत नाही, कारण तो प्रशिक्षण खात्याचा नाही, ड्युटीचं वेळापत्रक लावणाऱ्यांचा आहे. पण पहाटे तीनला मॅकवर्थच्या घड्याळापुढे बसलेल्या माणसाला पेंगुळलेल्या डोळ्यांनी काय दिसणार?

गेली काही वर्षं विमानं बनवणाऱ्यांकडून एक कल्पना पुढे येतेय: लांबच्या उड्डाणात, वर सरळ चाललेलं असताना, कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवायचा आणि दुसऱ्याला झोपू द्यायचं. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, यावर संशोधन करवून घेतलं आणि २०२५मध्ये सांगितलं की दोन वैमानिकांइतकी सुरक्षितता यात मिळते असं सध्या दाखवता येत नाही. मला यात नवल वाटलं नाही. एकट्याने बसायचं म्हटलं की वरची सगळी शिकवणी बाद होते. मोड वाचून दाखवायचा तो कोणाला, आणि 'स्पीड' म्हणून ओरडणार कोण? विमानं बनवणाऱ्यांच्या उत्तरात दुसऱ्या माणसाच्या जागी आणखी एक यंत्र आहे, आणि त्या यंत्रावर लक्ष ठेवायचं काम पुन्हा त्या एकट्या वैमानिकाकडेच.